अंगण, ओटा आणि कॅमेरा: लोकांच्या मनातलं नाटक पडद्यावर नेताना

नागपुरात नाटकवाले आणि कॅमेरावाले आता वेगळे राहिलेले नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर दिसणारी पोरंपोरी उरलेलं वर्ष शॉर्ट फिल्म, वेब मालिका, डॉक्युमेंटरी यांत गुंतलेली असतात. त्यामुळे प्रयोग रंगला की ‘याचा सिनेमा करू या’ हे कुणीतरी म्हणतंच. आंबेडकरी रंगभूमीवरच्या नाटकांबद्दल तर ते जास्त आपुलकीने म्हटलं जातं, कारण ही नाटकं प्रेक्षकांनी आपली म्हणून जपलेली असतात. नेमकी तिथेच अडचण सुरू होते. कुठल्या वाक्याला टाळी आणि कुठे सभागृह गप्प होतं हे लोकांना पाठ असतं. एक वाक्य गेलं तरी ते त्यांना खटकतं.

या कामासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रंगभूमीकडे बघावं, असं मी आग्रहाने सांगेन. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, तेव्हा हे नातं नव्याने जुळवायची गरज नाही. लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ आणि ऑगस्ट विल्सनची ‘फेन्सेस’, ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’, ‘द पियानो लेसन’ ही तिथल्या लोकांची अत्यंत लाडकी नाटकं. ती सगळी पडद्यावर आली, काही तर दोन-तीनदा आली. प्रत्येक वेळी काय ठेवलं, काय टाकलं आणि त्याने काय झालं हे आपल्याला समोरासमोर ठेवून तपासता येतं.

नाटकाचा सिनेमा करायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘जरा बाहेर काढा, मोकळं करा.’ या प्रकारच्या नाटकांचं सगळ्यांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. इथे सगळं एका खोलीत किंवा एका अंगणात घडतं, ते काही नेपथ्याचा खर्च वाचवायला नव्हे. माणसांना बाहेर जायला जागाच ठेवलेली नाही, हाच नाटकाचा विषय आहे.

‘रेझिन’ घ्या. ११ मार्च १९५९ ला ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर आलं. ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं ते पहिलं नाटक, आणि दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्सही कृष्णवर्णीयच. शिकागोच्या साउथ साइडमधलं घर, पाच माणसं, संडास-बाथरूम शेजाऱ्यांबरोबर सामायिक, नातू बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, आणि उजेडाला एक लहानशी खिडकी. वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. आई त्यातले साडेतीन हजार गोऱ्यांच्या वस्तीतल्या घरासाठी भरते, कारण कृष्णवर्णीयांसाठी लांब बांधलेली घरं दुप्पट महाग पडतात. उरलेले साडेसहा हजार ती मुलाच्या, वॉल्टरच्या हातात देते आणि त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायला सांगते. तो सगळेच भागीदाराच्या हवाली करतो आणि भागीदार पळून जातो. हे आकडे पटकथेत इकडचे तिकडे होऊ देऊ नका. पैशाची वाटणी प्रेक्षकाला तोंडपाठ झाली तरच दुसऱ्या अंकाच्या शेवटचा हादरा बसतो. मराठीत आणताना रक्कम रुपयांत बदलली तरी प्रमाण तेच ठेवा: शंभरातले पस्तीस घराला, तीस शिक्षणाला, पस्तीस वॉल्टरला.

पटकथेचं पान उघडण्याआधी एक तक्ता करा. मी त्याला दाराची वही म्हणतो. संहिता हातात घेऊन, घड्याळ लावून, प्रत्येक प्रवेशात दारातून आत काय आलं ते लिहायचं: माणूस, पत्र, बातमी, बाटली, वास, आवाज. शेजारी ती गोष्ट कुठून आली आणि आल्यावर खोलीतलं कोण बदललं ते लिहायचं. ‘रेझिन’च्या वहीत पोस्टाने आलेला चेक, गोऱ्या वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर, पैसे बुडाल्याची बातमी आणणारा बोबो आणि शेवटी सामान हलवणारे हमाल असतील. शिकागो शहर त्या खोलीत शिरतं ते या चार दारांतून. सिनेमात बाहेर जायचंच असेल तर या नोंदींच्या मागे जा. नुसता ‘व्हिज्युअल’ मिळावा म्हणून बागेत, रस्त्यावर, बाजारात पात्रं फिरवली की खोलीतला दाब निघून जातो, आणि परत खोलीत आल्यावर तो पुन्हा चढवायला दहा मिनिटं जातात.

पुढचं काम म्हणजे रंगमंचाबाहेर घडणाऱ्या घटनांची वर्गवारी. काही घटना लेखकाला दाखवता आल्या नाहीत म्हणून तो सांगतो. काहींच्या सांगण्यातच खरा अर्थ असतो. आणि काही तो मुद्दाम झाकून ठेवतो. हा तिसरा गट ओळखता आला नाही की हमखास फसगत होते. नाटकातला तो पळून गेलेला भागीदार, विली हॅरिस, रंगमंचावर कधीच येत नाही. वॉल्टरच्या बोलण्यातून तो आपल्याला जितका दिसतो तितकाच, म्हणून आपणही वॉल्टरबरोबर फसतो. १९६१ च्या चित्रपटात तो पात्र म्हणून समोर येतो. चेहरा दिसला की प्रेक्षक त्याला तोलू लागतो, संशय घेतो, आणि वॉल्टरपेक्षा शहाणा होऊन बसतो. ‘फेन्सेस’च्या २०१६ च्या चित्रपटाने उलट केलं. नायक ट्रॉयचं जिच्याशी प्रकरण आहे ती अल्बर्टा नाटकातही दिसत नाही, सिनेमातही दिसत नाही. दाखवणं सोपं होतं, तरी मोह टाळला. त्यामुळे ट्रॉय बायकोला, रोझला सगळं सांगतो तेव्हा प्रेक्षकाला रोझच्या चेहऱ्याखेरीज बघायला दुसरं काहीच उरत नाही.

दुसऱ्या गटाचं उदाहरण ‘द पियानो लेसन’. पियानो मालकाच्या घरातून कसा उचलून आणला ही कथा नाटकात घरातला काका डोकर सांगतो. २०२४ च्या माल्कम वॉशिंग्टनच्या चित्रपटाची सुरुवातच १९११ च्या ४ जुलैच्या रात्री, फटाक्यांच्या उजेडात, त्या चोरीने होते. दृश्य जोरकस आहे. पण त्याची किंमत अशी की पुढे डोकर बोलू लागतो तेव्हा प्रेक्षकाला अर्धी गोष्ट माहीत असते. कुटुंबाच्या आठवणी तोंडातोंडी टिकून राहतात हा त्या नाटकाचा गाभा आहे. सांगण्याची क्रियाच मोठी असेल तर मी तरी घटना आधी दाखवणार नाही. आपल्याकडे म्हातारं माणूस १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस सांगतं तेव्हा ऐकणाऱ्या नातवाच्या तोंडावर जे उमटतं ते दीक्षाभूमीच्या गर्दीचा कितीही मोठा शॉट लावून मिळत नाही.

आता काटछाट. दोन-अडीच तासांचं नाटक शंभर ते एकशेवीस मिनिटांत बसवताना सगळ्यांत आधी शेजारीण जाते. ‘फालतू पात्र, कथा पुढे नेत नाही’ असं म्हणून. ‘रेझिन’मध्ये हेच झालं, आणि त्याचे परिणाम फार वर्षं भोगावे लागले. मिसेस जॉन्सन नावाची शेजारीण येते, खाते, टोमणे मारते आणि वर्तमानपत्रातली बातमी दाखवते, की गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकला. १९५९ च्या ब्रॉडवे प्रयोगात हा प्रवेश गाळला होता आणि १९६१ च्या चित्रपटातही तो नाही. हॅन्सबेरीच्या घरच्यांनी हे भोगलेलं होतं. १९३७ मध्ये ते गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेले तेव्हा घरावर जमाव आला, फेकलेली वीट लहानग्या लॉरेनला लागता लागता राहिली, आणि वडिलांचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे नाटक जिथे संपतं तिथून पुढे या कुटुंबाचं काय होणार हे लेखिकेला पक्कं माहीत होतं. शेजारीण काढली, बातमी गेली, आणि शेवट ‘घर मिळालं, आनंदीआनंद’ असा वाचला जाऊ लागला. नाटकाच्या माथी गोडगोडपणाचा आरोप आला, तो त्या कात्रीमुळे.

वॉल्टरची बहीण बेनीथा केसांचं नैसर्गिक वळण ठेवून येते तो भागही १९५९ मध्ये गाळला गेला होता. १९८९ मध्ये बिल ड्यूकने दूरचित्रवाणीसाठी केलेल्या, जवळपास तीन तासांच्या आवृत्तीत गाळलेलं पुष्कळसं परत आलं. हॅन्सबेरीने १९६१ च्या चित्रपटासाठी स्वतः लिहिलेल्या पटकथेतलाही बराच भाग चित्रित झाला नव्हता. ती मूळ पटकथा १९९२ मध्ये पुस्तकरूपाने आली. नाटक, ते पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचा. पटकथालेखनाच्या कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त शिकाल.

म्हणून काटछाटीचा माझा क्रम असा. आधी तीच माहिती दोनदा सांगणारी वाक्यं जाऊ द्या, कारण रंगमंचावर शेवटच्या रांगेसाठी नाव-गाव पुन्हा सांगावं लागतं, पडद्यावर ते दिसतं. मग ‘मी आता चाललो’, ‘हा बघ आलाच’ अशी ये-जा जोडणारी वाक्यं. मग दोन अंकांमध्ये काळ गेला हे सांगणारे संवाद, त्यांची जागा कपडे, केस आणि झाडाची पानं घेतात. विनोद, ठेका धरणारी पुनरुक्ती आणि शेजारी शेवटपर्यंत हलवू नका. विल्सनची माणसं एकच गोष्ट तीन वळणांनी सांगतात, त्यातलं तिसरं वळण कापलं की पहिली दोनही लंगडी पडतात. टाळी-हशासाठी राखलेल्या जागा मात्र निर्दयपणे काढा. शंभर प्रयोग केलेला नट हशासाठी नकळत थांबतो. सभागृहात ते हवंच, पडद्यावर तेवढा वेळ नट शब्द विसरल्यासारखा वाटतो.

बाहेर जाऊन दाब वाढवणं शक्य आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण ‘फेन्सेस’चंच आहे. नाटक शुक्रवारी पगाराच्या संध्याकाळी अंगणात सुरू होतं. ट्रॉय आणि त्याचा मित्र बोनो कामावरून आलेत, जिनची बाटली फिरतेय. ट्रॉयने साहेबाला विचारलंय की गाडी चालवायला सगळे गोरे आणि कचरा उचलायला सगळे काळे, असं का? चित्रपटात याच गप्पा कचऱ्याच्या गाडीच्या मागे लटकून सुरू होतात. संवाद तेच, पण गाडीच्या मागे कोण लटकलंय हे आता बघायला मिळतं. तक्रार कानावर पडण्याआधी डोळ्यांना कळते. त्यानंतर सिनेमा अंगणात येतो आणि बहुतेक काळ तिथेच राहतो.

‘मा रेनी’मध्ये जॉर्ज सी. वुल्फ आणि पटकथाकार रुबेन सँटियागो-हडसन यांनी आणखी पुढचं केलं. मूळ नाटकात १९२७ च्या मार्चमधली शिकागोची थंडी आहे, २०२० च्या चित्रपटात भर उन्हाळा. घाम, पंखे, चिकटलेले कपडे, आणि रेकॉर्डिंगला आलेली, पण कोका-कोला आल्याशिवाय गाणार नाही म्हणून अडून बसलेली गायिका मा. खोलीतला ताण सगळा कातडीवर येतो. शिवाय तालमीच्या खोलीत एक अडकलेलं दार आहे, तिच्या साथीदारांतला लेव्ही ते पुन्हा पुन्हा ढकलतो. अखेर ते उघडतं, तर पलीकडे चारही बाजूंनी विटांच्या भिंती. सिनेमाने बाहेरची जागा दिली आणि तीही बंद निघाली. सगळा चित्रपट ९४ मिनिटांत बसवलाय, तरी मोठी स्वगतं शाबूत आहेत. वेळ कुठून वाचवायचा हे शिकायला हा चित्रपट घड्याळ घेऊन बघावा.

दिग्दर्शक कोण, हा प्रश्न शेवटी आटोपण्यासारखा नाही. ‘फेन्सेस’ १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं, त्याच वर्षी पुलित्झर मिळालं आणि चित्रपटाचे हक्कही विकले गेले. पण दिग्दर्शक कृष्णवर्णीयच हवा, या अटीवर विल्सन ठाम राहिला. १९९० मध्ये त्याने यावर लेख लिहिला. २००५ मध्ये तो वारला. चित्रपट आला २०१६ मध्ये, डेन्झेल वॉशिंग्टनच्या दिग्दर्शनाखाली, आणि पटकथेवर नाव विल्सनचंच. ज्या आयुष्यातून ते नाटक आलं त्याची रीतभात आतून माहीत असलेला माणूस निर्णयाच्या खुर्चीत हवा, हा त्याचा मुद्दा. आपल्या वस्तीतलं नाटक करताना दिग्दर्शक आपला आणि संकलन, कॅमेरा, वेशभूषा सगळी बाहेरची, असं झालं तरी गाडी घसरते. भिंतीवर कुठला फोटो, चहा कुठल्या कपात, पाहुण्याला पाणी कोण देतं हे वेशभूषा आणि कला विभाग ठरवतात. त्या दोन ठिकाणी तरी वस्तीतलीच माणसं घ्या.

‘फेन्सेस’ मराठीत, नागपुरात बसवायचं असं अनेकांच्या मनात येतं. सफाई कामगार, ड्रायव्हरची बढती, बाप-लेकाचा झगडा, सगळं बसल्यासारखं वाटतं. दोन ठिकाणी थांबावं लागेल. एक म्हणजे खेळ. ट्रॉय चांगला बेसबॉलपटू होता, पण गोऱ्यांच्या मोठ्या लीगचं दार १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडलं तोवर त्याचं वय निघून गेलं होतं. आपल्याकडे नुसतं क्रिकेट ठेवून चालणार नाही, त्या अन्यायाला इतिहासाचा आधार हवा. पळवणकर बाळू हा आधार देतात. आपल्या काळातले श्रेष्ठ गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेले, तरी जातीमुळे त्यांना तेव्हाच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कप्तानपद मिळालं नाही. धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कप्तान झाले. या काळात तरुण असलेला, मैदानापर्यंत पोचूनही न खेळवला गेलेला माणूस १९५७ मध्ये, म्हणजे ‘फेन्सेस’ सुरू होतं त्या वर्षी, पन्नाशी ओलांडलेला असेल. वय बरोबर जुळतं.

दुसरं ठिकाण जास्त अवघड आहे. १९५७ चं नागपूर म्हणजे धम्मदीक्षेनंतरचं पहिलं वर्ष. घरातले देव काढले गेलेत, बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्यात. ‘फेन्सेस’मध्ये रोझला चर्चचा आधार आहे आणि ट्रॉयचा भाऊ गॅब्रियल शेवटी तुतारी घेऊन येतो ती स्वर्गाचं दार उघडायला. तुतारीतून आवाज निघत नाही, तेव्हा तो नाचतो, ओरडतो, आणि त्याच्यासाठी दार उघडतं. सिनेमात त्या क्षणी आकाश उजळतं. हा शेवट बौद्ध कुटुंबाच्या अंगणात जसाच्या तसा ठेवला तर घेतलेल्या प्रतिज्ञांशी भांडण होईल. एकतर कुटुंब ख्रिस्ती ठेवा, किंवा गॅब्रियलला त्या बदलत्या घरातला असा माणूस करा ज्याच्या डोक्यात जुने देव अजून आहेत आणि घरच्यांना त्याला गप्प करवत नाही. हा दुसरा मार्ग मला जास्त खरा वाटतो, पण त्यासाठी पहिल्या प्रवेशापासून त्याची मांडणी बदलावी लागेल. शेवटचं पान तेवढं बदलून भागणार नाही.

आता प्रत्यक्ष चित्रणाकडे. खोली खरीच घ्यायची तर मोजमाप आधी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स दहा फुटांवरून साधारण दहा फूट रुंदी पकडते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं एकत्र हवी असतील तर कॅमेरा दाराच्या चौकटीत किंवा खिडकीबाहेर जाणार. २४ मिमीने पंधरा फूट मिळतात, पण कडेचे चेहरे ताणले जातात आणि छोटी खोली ऐसपैस दिसू लागते. मग ज्या तंगीसाठी ती खोली घेतली ती जागीच राहत नाही. इंदोरा, पाचपावली, महालच्या जुन्या भागात दोन दारांची किंवा मधल्या चौकाची घरं बघा. समोरासमोर दोन दारं असली की संवादाच्या दोन्ही बाजू घेता येतात. आणि आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे, तेव्हा ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवा, नाहीतर उजेड फडफडतो आणि ते नंतर निघत नाही.

नागपुरात सगळ्यांत मोठा प्रश्न आवाजाचा. ही नाटकं बोलण्यावर उभी आहेत, डबिंग केलं की नटाचा श्वास जातो. सिंक साउंडच, म्हणजे चित्रणाबरोबर जागेवरचाच आवाज घ्यायचा तर एप्रिल-मे सोडून द्या. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करून दहा मिनिटांचा टेक होत नाही, आणि कूलर चालू ठेवला की ट्रॅक वाया जातो. तुमच्या घरचा बंद केला तरी दोन्ही शेजाऱ्यांचे चालूच असतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी चांगला काळ, पण लग्नाच्या तारखा बघून घ्या, संध्याकाळी डीजे असतो. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला विमानं, मोतीबाग-इतवारीकडे रेल्वे. प्रत्येक जागी एक पूर्ण दिवस बसून कुठल्या वेळी काय आवाज येतो ते लिहून काढा आणि मोठी स्वगतं शांत तासांत टाका. दर प्रवेशानंतर सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली भेग त्यानेच बुजते.

उन्हाळाच हवा असेल, ‘मा रेनी’सारखा, तर तो हिवाळ्यात तयार करा. मानेवर ग्लिसरीन-पाण्याचा फवारा, शर्टाच्या पाठीवर ओलावा, हातात वर्तमानपत्राचा पंखा. घामाची कंटिन्युइटी मात्र फोटो काढून जपावी लागते.

अंगणातल्या नाटकात वस्तूंचा हिशेब चुकतो. ‘फेन्सेस’मध्ये कुंपण हळूहळू उभं राहतं. चित्रण क्रमाने होणार नसेल तर कुंपण सुट्या चौकटींत बनवा आणि कुठल्या प्रवेशात किती फळ्या ते कागदावर पक्कं करा. तसंच बाटलीचं. ट्रॉय-बोनोच्या त्या पहिल्या संध्याकाळी एकच बाटली फिरते. लेबलच्या मागे चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून प्रत्येक पानाची पातळी ठरवा, टेक कापला की तेवढं पाणी परत भरा. हे केलं नाही तर संकलनाच्या वेळी उत्तम अभिनयाचा टेक केवळ बाटली भरलेली दिसते म्हणून फेकावा लागतो. झाडाला बांधलेला चिंध्यांचा चेंडू, टेकवलेली बॅट, ओट्यावरची खुर्ची यांचीही तीच गत.

ओटा आणि फाटक यांच्यामध्ये एक रेषा धरा आणि पहिल्या भागात कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. ट्रॉयचा मुलगा कोरी बापाला विचारतो, तुम्हाला मी कधी आवडलोच नाही का, तिथे प्रथमच रेषा ओलांडा. त्या प्रवेशात मी बापाचा क्लोजअप लवकर देणार नाही. बाप बोलतोय पण पोरगं ऐकतंय, तेव्हा ऐकणारा चेहरा जास्त वेळ पडद्यावर हवा. म्हणून मोठं स्वगत तुकड्यांत न घेता अख्खं घ्या, दोनदा बोलणाऱ्यावर, दोनदा ऐकणाऱ्यावर, एकदा दोघं मिळून. ऐकणाऱ्याच्या टेकमध्येही बोलणाऱ्याने पूर्ण ताकदीने बोलायचं. तिथे नट हात राखून बोलला की समोरचा चेहराही मेलेला येतो. असं चित्रण जागा खातं. १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट धरले तर, तासाला ४५ जीबी लागतात. शंभर मिनिटांच्या सिनेमाला आठपट चित्रण धरलं तर एका कॅमेऱ्याचे सुमारे सहाशे जीबी, आणि प्रती दोन ठेवायच्याच.

नाटकातलेच नट घ्यावेत का? ‘फेन्सेस’च्या चित्रपटात वॉशिंग्टन, व्हायोला डेव्हिस, स्टीफन मॅकिन्ली हेंडरसन, रसेल हॉर्न्सबी आणि मायकेल्टी विल्यमसन हे पाचही जण २०१० च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनातले. ‘रेझिन’मध्ये सिडनी पॉइटिए, क्लॉडिया मॅकनील, रुबी डी, डायना सँड्स हे मूळ संचातले. माझं मत, घ्यावेत, पण चित्रणाआधी आठ-दहा दिवस प्रत्यक्ष जागेवर तालीम करून. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तीन फुटांवरच्या माइकसमोर आणायचा, तर ‘हळू बोल’ सांगून होत नाही. हळू म्हटलं की ऊर्जा पडते. समोरच्या नटाला दोन हातांवर बसवा आणि फक्त त्याला सांगायला लावा. दोन दिवसांत आवाज आपोआप खाली येतो, जोर तोच राहतो.

सगळी नाटकं या वाटेने जात नाहीत. न्टोझाके शांगेच्या, १९७६ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘फॉर कलर्ड गर्ल्स’ या काव्यनृत्यात सात बायकांना नावंच नाहीत, नुसते रंग आहेत. २०१० च्या टायलर पेरीच्या चित्रपटाने त्यांना नावं, नोकऱ्या, घरं दिली. मग स्वयंपाकघरात उभी बाई अचानक कवितेत बोलू लागते आणि ते परकं वाटतं. आंबेडकरी जलसा किंवा झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक यांचं असंच होईल. तिथे कथापट करण्यापेक्षा प्रयोगाचंच उत्तम चित्रण करा: चार कॅमेरे, प्रेक्षकांसह दोन प्रयोग आणि क्लोजअपसाठी प्रेक्षकांविना एक. स्पाइक लीने ‘पॅसिंग स्ट्रेंज’ असंच प्रयोग चित्रित करून पडद्यावर आणलं. प्रेक्षकांकडे एक माइक वेगळा लावा, त्यांचा हुंकार हा संहितेचाच भाग आहे.

हक्कांचं काम पटकथेच्या आधी करा, नंतर नव्हे. प्रयोगाची परवानगी म्हणजे चित्रपटाची परवानगी नाही. भाषांतर, रूपांतर आणि चित्रपट हे तिन्ही हक्क वेगळे, आणि पत्रात तिन्ही शब्द लिहून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. विल्सनच्या बाबतीत तो २०६५ अखेरपर्यंत आहे. हॅन्सबेरी जानेवारी १९६५ मध्ये वारली, त्यामुळे इथली मुदत २०२५ अखेरपर्यंतची. पण अमेरिकेत ‘रेझिन’ २०५४ पर्यंत संरक्षित आहे आणि यूट्यूबवर टाकलेली गोष्ट तिकडेही दिसते, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आपल्याच लेखकाचं नाटक असेल तरी, तो मित्र असला तरी, कागद करा. तो हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, एकाची पुरत नाही.

पहिला कच्चा कट झाला की तो दोन वेगळ्या गटांना दाखवा: नाटक पाठ असलेल्यांना आणि नाटक कधीच न पाहिलेल्यांना. पहिल्या गटाला विचारा, कुठलं वाक्य गेलं म्हणून चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या गटाला विचारा, पैसे किती होते, कुणाचे होते, आणि घरातून कोण कधी बाहेर पडू शकलं नाही. दुसऱ्या गटाला पैशाचा हिशेब सांगता आला नाही तर संकलकाला परत बसवा, आणि पहिल्या गटातल्या तिघांनी एकच वाक्य सांगितलं तर ते वाक्य परत घाला, त्याने सिनेमा अर्धा मिनिट लांबला तरी चालेल.